शिकारीचा दाब आणि कुरंगांचा संचार : शिरूर-दौंडच्या माळरानांचा एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादा वन्य पशू जेथे दिसतो तेथे त्याचे वास्तव्य आहे, आणि जेथे तो दिसत नाही तेथे ते नाही, असे गृहीत धरूनच बहुतेक पाहण्या केल्या जातात. ज्या प्रदेशावर शिकारीचा दाब आहे, अथवा नजीकच्या भूतकाळात होता, त्या प्रदेशाच्या बाबतीत मात्र हे गृहीत दोन्ही अंगांनी फसवे ठरते. दाबाखाली वावरणारा पशू प्रथम आपली वेळ बदलतो, मग जागा बदलतो आणि अखेरीस आपल्या कळपाची ठेवणही बदलतो. यामुळे निरीक्षक ज्या वेळी माळावर येतो, नेमकी तीच वेळ पशूने टाळलेली असण्याचा संभव मोठा असतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वेळ नदीच्या काठी वसलेल्या शिक्रापूरपासून पूर्वेकडे शिरूरपर्यंत, आणि भीमा ओलांडून दौंड तालुक्याच्या दक्षिण सीमेपर्यंत जो मुरमाड, बरड माळ पसरलेला आहे, त्याच्या भवितव्याशी हा प्रश्न निगडित आहे. 'येथे काही नाही' असा शेरा एखाद्या गायरानावर किंवा माळावर एकदा पडला, की त्या जमिनीचा उपयोग बदलण्यास वेळ लागत नाही. तो शेरा कोणत्या पुराव्यावर मारला जातो, हे तपासण्यासाठी दाबाखालील संचाराचे शास्त्र प्रथम समजून घेणे अवश्य आहे.

२. एल्कच्या अभ्यासातून लाभलेले ज्ञान

या विषयाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास उत्तर अमेरिकेतील एल्क किंवा वापिती या पशूवर झाला आहे. एल्क हा मृगकुलातील मोठा प्राणी असून आपल्याकडील सांबराचा तो दूरचा भाऊबंद होय. त्याच्या शिकारीला तेथे कायद्याने ठराविक हंगाम असतो. हंगामापूर्वी, हंगामात आणि हंगामानंतर एकाच पशूची हालचाल नोंदविता आली, तर दाबाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढता येतो. गळ्यात बांधलेला व उपग्रहांच्या साहाय्याने ठराविक अंतराने स्थान नोंदविणारा पट्टा उपलब्ध झाल्यापासून ही तुलना शक्य झाली. लागोपाठच्या दोन नोंदींमधील अंतर, म्हणजे पशूने टाकलेली 'मजल', हे या अभ्यासाचे मूलभूत परिमाण आहे.

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात शंभरावर एल्कना असे पट्टे बांधण्यात आले. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकाऱ्यांच्या हाती लागलेले पशू आणि हंगामातून वाचलेले पशू यांच्या वर्तनात स्पष्ट भेद आढळला. जे मारले गेले ते अधिक चालणारे व उघड्या जागांचा अधिक वापर करणारे होते. जे वाचले ते कमी हालणारे व आडोशाला राहणारे होते. येथे विद्यार्थ्यांनी एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. हंगामाच्या अखेरीस कळप बुजरा झालेला दिसतो, याची कारणे दोन असू शकतात. प्रत्येक पशू अनुभवाने बुजरा झाला असेल. किंवा एकही पशू बदलला नसेल, केवळ धीट पशू मारले गेल्यामुळे मागे बुजरेच उरले असतील. पहिली क्रिया शिक्षणाची, दुसरी निवडीची. कळपाकडे दुरून पाहणाऱ्यास या दोन्ही सारख्याच दिसतात. एकाच पशूचा अनेक वर्षे मागोवा घेतल्याखेरीज त्यांतील भेद कळत नाही.

तसा मागोवाही आल्बर्टातच घेण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्यांचे वर्तन वयाबरोबर बदलत जाते असे दिसून आले. वय वाढेल तशी मादी कमी हालचाल करते, रस्त्यांच्या आसपास असताना दाट झाडीचा व चढणीच्या भागाचा अधिक आश्रय घेते, आणि साधारणतः नऊ-दहा वर्षांची झाल्यावर ती शिकाऱ्याच्या हाती क्वचितच लागते. म्हणजे निवड व शिक्षण या दोन्ही क्रिया एकाच समूहात एकाच वेळी चालू असतात. यातून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. शिकार थांबल्याबरोबर भय संपत नाही. निवडीने घडलेला बुजरेपणा पिढ्यांतून उतरू शकतो, आणि अनुभवी मादीच्या मागे चालणारे पाडस तिच्या वाटा व तिच्या वेळाही उचलते.

आल्बर्टातील आणखी एका अभ्यासात, तोही २०१२ मधील, एल्कच्या सावधानतेवर मानवी वावराचा होणारा परिणाम नैसर्गिक भक्षकांच्या परिणामाहून अधिक असल्याचे आढळले. दोन तासांत एखादे वाहन जाण्याइतकी तुरळक वाहतूकही पशूला चरणे थांबवून मान वर करण्यास पुरेशी होती. मान वर असते तेवढा वेळ तोंड गवतात नसते. भयाची किंमत पशू प्राणाने देतो ती क्वचित. चरण्याच्या वेळातून मात्र ती तो रोज देत असतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ मध्ये लांडगे पुन्हा सोडण्यात आल्यानंतर तेथील एल्क व गवे यांच्या सावधानतेचा अभ्यास झाला आणि २००१ मध्ये 'भयाचा भूप्रदेश' ही संज्ञा रूढ झाली. डोंगर, पाणी व गवत दाखविणाऱ्या नकाशाप्रमाणेच पशूच्या मनात धोक्याचाही एक नकाशा असतो, आणि त्याचा संचार या दोन नकाशांच्या तडजोडीतून ठरतो, असा या संज्ञेचा आशय आहे.

३. दख्खनच्या माळावरील कुरंगे

आल्बर्टातील एल्कपासून दख्खनच्या माळावरील पशूंकडे वळताना प्रथम त्यांतील भेद पाहिला पाहिजे. शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस थोडा व अनिश्चित, जमीन पातळ. मारवेल, पवना, कुसळी ही गवते आणि मधूनमधून हिवर, बाभूळ व बोर अशी या माळाची ठेवण आहे. येथील गवताळ भागाचे खरे रहिवासी म्हणजे चिंकारा आणि काळवीट. हे दोन्ही पशू मृगकुलातील नसून गोकुलातील कुरंग होत. गावकरी दोघांनाही हरीणच म्हणतात. चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णन याच दख्खनच्या पठारावरील नमुन्यांवरून कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले. त्याच वर्षी त्यांनी येथील लांडग्याचेही वर्णन प्रसिद्ध केले. भक्ष्य आणि भक्षक यांची शास्त्राला झालेली ओळख अशी एकाच माळावरची आणि एकाच वर्षाची आहे.

दौंडच्या दक्षिण सीमेला लागून, बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेस अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटासाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर आहे. दोन्ही क्षेत्रे इतकी लहान आहेत, की धावत्या काळविटाला ती ओलांडण्यास काही मिनिटे पुरतात. या पशूंचा संचार अभयारण्याच्या सीमेत मावत नाही. तो भोवतालच्या गायरानांवर, पडीक रानांवर व शेतांवर अवलंबून असतो.

एल्क आणि कुरंग यांतील मूलभूत भेद त्यांच्या आश्रयस्थानाच्या स्वरूपात आहे. एल्कचे आश्रयस्थान म्हणजे आडोसा. बंदुकीचा आवाज झाला की तो झाडीत शिरतो, चढणीवर जातो. काळविटाचे आश्रयस्थान म्हणजे मोकळेपणा. त्याचे संरक्षण दृष्टीवर व वेगावर उभे आहे. शत्रू दुरून दिसला पाहिजे आणि पुढे पळण्यास वाव पाहिजे. उंच गवत व दाट झुडूप त्याला निवारा वाटत नाही, तेथे त्याला दबा धरलेल्या शत्रूची शंका येते. मोकळ्या भूमीवर त्याचे कळप मोठे असतात आणि झुडपी भागात ते लहान होतात, यामागील एक कारण हेच आहे. चिंकारा त्या मानाने झुडपांना अधिक सरावलेला आहे आणि तो एकट्यादुकट्याने किंवा लहान टोळीने राहतो. परंतु त्याचीही भिस्त अंतरावरच असते.

या भेदाचा परिणाम दूरगामी आहे. दाब वाढला असता एल्कला जाण्यासाठी जंगल उरते. कुरंगाला जाण्यासाठी आणखी माळ हवा असतो, आणि माळच आटत चालला आहे. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला व चासकमानच्या कालव्याने शिरूरला पाणी दिले. त्यामागोमाग ऊस आला. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. उसाच्या फडात बिबट्याला आडोसा मिळाला. कुरंगाला तो मिळत नाही. त्याच्या दृष्टीने ऊस हा दुहेरी तोटा आहे : चरण्याची जागा गेली आणि शत्रूला लपण्याची जागा वाढली. माळावर झाडे लावून तो 'हिरवा' करण्याचे प्रयत्न झाले, तेथेही याच पशूंचा मोकळेपणा कमी झाला. अशा स्थितीत जागेचा आश्रय संपत आला, की एकच आश्रय शिल्लक राहतो, आणि तो म्हणजे काळाचा. माणूस झोपतो त्या वेळी कुरंग जागा होतो.

४. दाबाचा प्रकार आणि प्रतिसाद

दाब म्हणजे केवळ मारल्या गेलेल्या पशूंची संख्या नव्हे. तो कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने व कोणत्या रूपाने येतो, यावर प्रतिसाद ठरतो. शत्रू किती जवळ आल्यावर पशू पळतो, या अंतराला स्विस प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी महत्त्व प्राप्त करून दिले. त्यास मराठीत 'पलायनांतर' म्हणता येईल. पलायनांतर हे जातीचे स्थिर लक्षण नसून अनुभवाची नोंद आहे. तीच जात एका गावी पन्नास पावलांवर उभी राहते आणि दुसऱ्या गावी नजरेच्या टप्प्यात थांबत नाही.

दख्खनचा इतिहास याची चांगली साक्ष देतो. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार केली जात असे. चित्त्याला डोळे झाकून बैलगाडीतून माळावर नेत, कारण पायी येणाऱ्या माणसाला पाहून पळणारे काळवीट बैलगाडीला मात्र जवळ येऊ देत. रोजच्या शेतगाडीपासून त्यांना कधी अपाय झाला नव्हता. बंदूकधारी शिकाऱ्यांनीही हीच युक्ती वापरली. फासेपारधी समाजाच्या परंपरेतही फाशांबरोबर जनावराच्या आडोशाने भक्ष्याजवळ जाण्याचे कौशल्य होते. पशूंच्या संचाराचे त्यांचे ज्ञान सूक्ष्म होते. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा अनेक भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला, आणि १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द होईपर्यंत त्या ज्ञानाची दखल शास्त्राने घ्यावी तशी घेतली नाही. या सर्व पद्धतींचे तत्त्व एकच आहे : पशूच्या भयाच्या नकाशात जी वस्तू निरुपद्रवी म्हणून नोंदली गेली आहे, तिच्या आडून जाणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. जीप गाडी खासगी हाती आली आणि रात्रीच्या दिव्यांच्या झोतात शिकार सुरू झाली. बैलगाडीचा व पायी शिकाऱ्याचा दाब दिवसाचा होता. रात्र सुरक्षित होती. जीपने काळाचा हा आश्रय मोडला. झोताने दिपलेला पशू जागीच खिळतो, आणि वेगावर जगणाऱ्या जातीला खिळून राहण्याइतके घातक काही नाही. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. पुढे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत स्थान देऊन त्यांची शिकार देशभर निषिद्ध ठरविली.

५. शिकारीवाचून उरलेला दाब

आता शंका अशी उपस्थित होईल, की कायद्याने शिकार थांबली असता शिकारीच्या दाबाची चर्चा कशासाठी? तिचे उत्तर दोन भागांत देता येते. एक तर चोरटी शिकार सर्वस्वी थांबलेली नाही. दुसरे असे, की पशूच्या दृष्टीने दाब आणि शिकार यांत काटेकोर सीमारेषा नसते. २००२ मध्ये मांडण्यात आलेल्या एका महत्त्वाच्या विवेचनानुसार मानवी वावराला पशू भक्षकाप्रमाणेच प्रतिसाद देतो. हेतू निरुपद्रवी असला तरी पळण्याचा व सावध राहण्याचा खर्च तोच असतो. माळावरून जाणारी मोटारसायकल, मुरूम उपसणारी यंत्रे, मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या ही आजच्या दाबाची रूपे आहेत. यांपैकी कुत्र्यांचा दाब प्रत्यक्ष शिकारीचाच असतो, आणि त्याला ना हंगाम ना वेळ.

जगभरच्या निरीक्षणांतूनही हेच दिसते. सहा खंडांतील ६२ सस्तन जातींवरील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, मानवी वावर अधिक असलेल्या ठिकाणी प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट वाढते. विशेष म्हणजे वावर शिकारीचा असो वा सहलीचा, प्रतिसादाची दिशा सारखीच राहते.

काळवीट हा स्वभावतः दिवसा वावरणारा प्राणी आहे. ज्याची नजर व वेग ही आयुधे उजेडात उपयोगी पडतात, त्याला रात्रीकडे ढकलणे म्हणजे त्याची आयुधे काढून घेणे होय. रात्र लांडग्याची आहे. माणसाला टाळण्यासाठी लांडग्याच्या वेळेत शिरणे, ही सुरक्षितता नसून दोन धोक्यांपैकी एकाची निवड आहे. चैत्र-वैशाखात गवत वाळलेले व पाणी दूर असते तेव्हा या निवडीची किंमत सर्वाधिक होते.

६. मोजणीतील दोन चुका

या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्यात संरक्षित क्षेत्र व चार गायराने मिळून शंभर चिंकारे आहेत, आणि ते सर्वत्र सारखे विखुरलेले आहेत. गायरानांवर दाब वाढला. काही पशू संरक्षित क्षेत्रात आले, उरलेले गायरानांवर फक्त रात्री येऊ लागले. दिवसा मोजणी केली असता संरक्षित क्षेत्रात संख्या वाढलेली दिसेल आणि गायराने रिकामी दिसतील. पहिल्या निरीक्षणावरून 'संवर्धन यशस्वी झाले' असे म्हटले जाईल, दुसऱ्यावरून 'गायराने निरुपयोगी आहेत' असे. वस्तुतः एकही पशू वाढलेला नाही, आणि गायराने पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक, आवश्यक आहेत; कारण संरक्षित क्षेत्रात दाटलेल्या पशूंचा चारा तेथूनच येतो. स्थलांतराला वाढ समजणे आणि वेळबदलाला अभाव समजणे, या त्या दोन चुका होत. त्या परस्परांना दुजोरा देतात म्हणून अधिक धोकादायक ठरतात.

या चुका टाळण्यासाठी खर्चिक साधने असलीच पाहिजेत असे नाही. पशू स्वतः दिसला नाही तरी त्याची खूण राहते. चिंकारा व काळवीट ठराविक जागी वारंवार लेंड्या टाकतात. त्या ढिगांतील ताज्या व जुन्या लेंड्यांचे प्रमाण ठराविक दिवसांनी पाहिले तर रात्रीचा वापर उघड होतो. पाणवठ्याच्या काठची माती संध्याकाळी सारखी करून पहाटे तीवरील खुरांचे ठसे मोजता येतात. हालचाल टिपणारे स्वयंचलित कॅमेरे वेळेची निश्चित नोंद देतात. पलायनांतर मोजण्यास पावलांचे गणित पुरते. मात्र ते पायी माणसासाठी, वाहनासाठी व गुराख्यासाठी वेगवेगळे मोजले पाहिजे, कारण त्यांतील फरकच दाबाच्या प्रकाराकडे बोट दाखवितो. मेंढरांमागे वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या धनगरांना पशूंच्या वेळा ठाऊक असतात. त्यांना विचारावयाचा प्रश्न 'हरणे आहेत का?' असा नसून 'हरणे केव्हा असतात?' असा असला पाहिजे.

या नोंदींचा कालखंडही विचारपूर्वक निवडावा लागतो. एल्कच्या अभ्यासाचे बळ हंगामापूर्वी व हंगामानंतरच्या तुलनेत होते. येथे शिकारीचा हंगाम नाही. परंतु दाबाला चढउतार आहेत. ऊसतोडणीचे महिने व त्यानंतरचे महिने, आठवड्याच्या बाजाराचा दिवस व इतर दिवस, अमावास्येची रात्र व पौर्णिमेची रात्र, यांची तुलना केल्यास हंगामाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. एकाच दिवशी, एकाच वेळी केलेली पाहणी मात्र कितीही काटेकोर असली तरी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

७. समारोप

सारांश असा, की दाबाखालील संचार हा पशू आणि माणूस यांच्यातील वेळेचा व जागेचा हिशेब आहे. एल्कला या हिशेबात जंगलाची शिल्लक आहे. दख्खनच्या कुरंगाला मोकळ्या माळाची होती, आणि ती कमी होत गेल्यावर त्याने रात्रीवर उचल घेतली. देशातील पडीक जमिनींच्या अधिकृत वर्गीकरणांत माळरानांचा व झुडपी रानांचा मोठा भाग समाविष्ट होत आला आहे. पडीक हे विशेषण शेतीच्या व महसुलाच्या दृष्टीने लागू असेल. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते लावण्यापूर्वी त्या भूमीची दिवसा व रात्री, उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, अशी किमान चार वेळांची पाहणी होणे आवश्यक आहे. शिक्रापूर ते दौंड या पट्ट्यात जी गायराने अद्याप शिल्लक आहेत त्यांच्या बाबतीत ही पाहणी तातडीची आहे. कारण जमिनीचा उपयोग एकदा बदलला, की तेथील कुरंगांविषयीचा प्रश्न विचारण्यासारखाही राहत नाही.